गुप्तलिपीचा भरवसा

गुप्तलेखनाचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत सायमन सिंग यांच्या 'द कोड बुक' (१९९९) इतके वाचनीय दुसरे पुस्तक मला ठाऊक नाही. गणित म्हटले की ज्याच्या अंगावर काटा येतो अशा वाचकालाही ते हाताला धरून चालवते. तरीही त्याच्या उत्तरार्धाशी माझे भांडण आहे, आणि ते आपल्या खिशातल्या मोबाईलपाशी येऊन थांबते.

पुस्तकाचा आरंभ होतो स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या कथेने. चार्टलीच्या कैदेतून तिची पत्रे बिअरच्या पिंपाच्या पोकळ बुचातून बाहेर जात. अक्षरांच्या जागी चिन्हे. १५८६ साली बॅबिंग्टनने एलिझाबेथच्या हत्येचा बेत कळवला, तेव्हा मेरीने निःशंकपणे उत्तर धाडले. पत्रे पोचवणारा गिफर्ड हा एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याला सामील होता, आणि कोणते चिन्ह किती वेळा येते हे मोजून फेलिप्स ती लिपी उलगडत होता. त्याने त्या पत्राला मेरीच्याच लिपीत बनावट ताजा कलम जोडून कटवाल्यांची नावेही विचारली! ८ फेब्रुवारी १५८७ रोजी मेरीचा शिरच्छेद झाला. कच्ची गुप्तलिपी उघड्या पत्राहून घातक, असे सिंग येथे बजावतात. लहानपणीची 'च'ची भाषा आठवावी. आजीला काही कळत नाही म्हणून आपण खुशाल बोलायचो, आणि आजी गालातल्या गालात हसायची.

पुढे मात्र लेखकाला कुलपाच्या कारागिरीची भुरळ पडते. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांची १९७७ सालची युक्ती त्यांनी फार सुरेख समजावली आहे: एका किल्लीने कुणीही कुलूप लावावे, उघडायची किल्ली मालकापाशीच. कुलपाला वळसा घालून येणाऱ्या चोराची बोळवण मात्र शेवटच्या प्रकरणात काही परिच्छेदांत होते.

मोबाईलची खरी गोष्ट त्या चोराचीच आहे. जीएसएम फोनांची 'ए-फाइव्ह-वन' ही लिपी गुपित ठेवलेली होती. पुस्तक निघाले त्याच वर्षी अभ्यासकांनी ती उकलून चव्हाट्यावर मांडली. शिवाय तिचा पहारा फोनपासून मनोऱ्याकडच्या यंत्रणेपर्यंतच; त्यापुढे कंपनीच्या हाती बोलणे उघडे. २०१६ साली व्हॉट्सअ‍ॅपने पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूप घातले. गणित उत्तम. पण २०१९ साली 'पेगॅसस'ने, न उचललेल्या कॉलच्या वाटेनेही, सुमारे १४०० फोनांना लक्ष्य केले. त्यांत भारतीय पत्रकारही होते. लिपी कुणी फोडलीच नाही. मालकाला वाचता यावा म्हणून मजकूर जिथे उघडतो, तिथेच चोराने ठाण मांडले. हे प्रकरण मला या पुस्तकात सविस्तर हवे होते.

वाटेतल्या गिफर्डवर मात्र उपाय आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक दुहेरी संभाषणामागे साठ आकडी क्रमांक असतो. दोघांनी तो आपापल्या फोनवर पाहून ताडावा. ताडणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही.