दारावरचे सिंह

स्टॅफर्डशायरमधील चीडल या लहानशा नगरातील संत जाइल्सचे चर्च १८४६ साली पूर्ण झाले. द्रव्य अर्ल ऑफ श्रूजबरींचे, रचना ऑगस्टस प्युजिनची. १८२९ च्या कायद्याने कॅथलिकांवरील बहुतेक निर्बंध उठले होते. दोनशे फुटी मनोरा हा त्या मुक्तीचाच उद्गार होय. आत रंगावाचून एकही खांब नाही. परंतु पश्चिमेच्या तांबड्या दारांवर झळकतात ते दात्याच्या घराण्याचे सोनेरी सिंह. देवाच्या दारी दात्याची ही मुद्रा आम्हांला खटकते. तरीही आमचा कौल प्युजिनच्याच बाजूने आहे: जे वैभव एरवी उमरावांच्या वाड्यांत कोंडलेले असे, ते येथे मिस्सेला येणाऱ्या गरिबातल्या गरिबाच्याही डोळ्यांपुढे उलगडले.