थापटणे कोणाच्या हाती? आरोग्य संशोधनाच्या अनुदानाविषयी

श्रोते हो, हिंगोलीत बोलायचे तर नामदेवांपासून सुरुवात करायला हरकत नसावी. नरसी इथून जवळ, औंढा नागनाथही जवळ. गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. गोरोबाकाकांनी थापटणे घेतले, जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक थाप मारली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले. आजच्या भाषेत हे तज्ज्ञ-परीक्षणच झाले, बरं का! पण आम्हाला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. नामदेव रुसले खरे. मात्र आपल्यात काय उणे आहे ते त्यांना कळले. गुरू नव्हता. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले.

आता सरकारी थापटण्याकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, ही १९११ साली ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ म्हणून सुरू झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. स्वतःच्या संस्था चालवण्याबरोबरच ती बाहेरच्या संशोधकांनाही अनुदान देते. साधारण रीत अशी : आधी थोडक्यात आराखडा, तो पसंत पडला तर सविस्तर प्रस्ताव, मग विषयतज्ज्ञांचे अभिप्राय आणि शेवटी समितीची शिफारस. प्रश्न महत्त्वाचा आहे का, नवा आहे का, पद्धत बरोबर आहे का, माणूस आणि संस्था हे काम पेलतील का, हे पाहिले जाते. कागदावर यात खोट काढावी असे काही नाही.

पण थापटणे डोक्यावर पडण्याआधी डोके मंडपात यावे लागते. अर्जदार मान्य संस्थेत नियमित नोकरीला हवा; स्वयंसेवी संस्था असेल तर तिला संशोधन संस्था म्हणून केंद्राची मान्यता हवी. सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यायला कोणी तरी हवेच, म्हणून नियम समजण्यासारखा आहे. तरी त्याची किंमत काय पडते ते बघा. डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. रायगड जिल्ह्यात बिरवाडी-महाड भागात त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून नोंदी ठेवल्या. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या रुग्णांना वाचवू शकते, हे त्यांनी दाखवले आणि १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. विंचू शेतमजुराला चावतो. हा प्रश्न मोठ्या शहरातल्या बैठकीत आपणहून उठला नसता. आज खेड्यात स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला असा प्रश्न पडला, तर त्याला संस्थेचा हात धरूनच दारात यावे लागेल.

आता मंडपाच्या आत. तिथे गुणवत्ता मोजली जाते असे आपण म्हणतो. पण मोजतात ज्वारी. गुणवत्तेचा निवाडा करावा लागतो. अमेरिकेत कोल, कोल आणि सायमन यांनी १९८१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे आलेले १५० प्रस्ताव त्यांनी दुसऱ्या, तितक्याच जाणत्या तज्ज्ञांना दाखवले. निष्कर्ष असा की प्रस्तावाचे भवितव्य जवळपास निम्मे नशिबावर, म्हणजे परीक्षक कोण वाट्याला आला यावर ठरते. परीक्षक लबाड होते असे मुळीच नाही. जाणती माणसे प्रामाणिकपणे वेगळे मत देतात, इतकेच.

हे आम्ही बाहेरून बोलत नाही. आम्हीही अशा एका निवड समितीवर बसलो आहोत. दुपारची वेळ, पुढ्यात गठ्ठा. खरे सांगायचे तर मन आधी ठरायचे आणि गुण मागून भरले जायचे. एका लहान गावातल्या तरुण प्राध्यापकाच्या प्रस्तावावर आम्ही ‘शिफारस नाही’ एवढे दोन शब्द लिहिले. पुढे तो भेटला, त्याने नम्रपणे कारण विचारले, आणि सर, आम्हाला ते आठवेना! तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला याहून मोठी शरम कोणती?

म्हणून आमचे म्हणणे एकच. मोजमाप कारण देत नाही, काटा दाखवते. निवाड्याला मात्र कारण द्यावेच लागते, कारण ते चुकीचेही असू शकते आणि त्याला उत्तर देता आले पाहिजे. प्रत्येक नकारासोबत अर्जदाराला सुधारणा करता येईल इतके स्पष्ट कारण मिळणे, हा त्याचा हक्क मानला पाहिजे. आणि जिथे प्रस्ताव तोडीस तोड असतील, कारण सापडतच नसेल, तिथे तसे कबूल करावे. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद २०१३ पासून एका योजनेत पात्र प्रस्तावांमधून चक्क चिठ्ठ्या टाकते. गुणांच्या दशांशांआड लपलेल्या नशिबापेक्षा उघड चिठ्ठी अधिक प्रामाणिक, असे आम्हाला वाटते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तिथले तरुण शिक्षक उद्या पहिला अर्ज करतील. सेनगाव-कळमनुरीच्या रुग्णांनी त्यांना जे दाखवले, त्यावर करावा. पहिला नकार येईलही. ‘कच्चे’ म्हणणाऱ्याने औंढ्याची वाटही सांगावी, एवढेच मागणे आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.