एक वादळ, तीन आकडे: आपत्तीतला मृत्यू ठरवतं कोण?

‘आधी व्याख्या, मग मोजणी’ हे आपण सगळेच मेथडॉलॉजीच्या पहिल्या धड्यात वाचतो आणि पान उलटतो. ते वाक्य किती महागात पडू शकतं हे बघायचं असेल, तर पोर्तो रिकोतल्या मारिया चक्रीवादळावरचा अभ्यास वाचा. तुमचा विषय सार्वजनिक आरोग्य नसला तरी वाचा. पीएचडीच्या मुलाखतीला जाण्याआधी एखादा वाद नीट समजून घ्यायचा असेल, तर यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

घटना अशी. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया पोर्तो रिकोवर आदळलं. त्यानंतर अनेक महिने सरकारी मृतांचा आकडा होता ६४. मे २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. त्यातला अंदाज होता ४,६४५. ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचा अहवाल आला. तो पोर्तो रिको सरकारनेच करवून घेतला होता आणि त्यातला आकडा होता २,९७५. सरकारने तोच अधिकृत म्हणून स्वीकारला.

आता तुमच्या मनात पहिला प्रश्न येईल, ‘यातला बरोबर कुठला?’ थोडं थांबा. आधी हे विचारा की प्रत्येकाने मोजलं काय.

६४ या आकड्यामागचा नियम बघा. वादळाने झालेला मृत्यू म्हणून नोंद व्हायची तर न्यायवैद्यक संस्थेची पुष्टी लागायची. त्यासाठी मृतदेह राजधानी सान हुआनला न्यायचा, नाहीतर तपासणी अधिकाऱ्याने गावी जायचं. रस्ते बंद, फोन बंद, वीज नाही, अशा वेळी हे कितीजणांना जमणार? म्हणजे ज्या आपत्तीचं मोजमाप करायचं, तिनेच मोजमापाचा रस्ता अडवला होता. याला नुसतं ‘कमी नोंद’ म्हणून सोडून देऊ नका. इथे चूक सगळीकडे सारखी पसरलेली नाही. जिथे नुकसान जास्त, तिथे नोंद कमी. संशोधनात सगळ्यात घातक चूक ती हीच.

दुसरी अडचण मृत्यूच्या दाखल्यात आहे. दाखल्यावर मूळ कारण लिहायचं असतं, म्हणजे ज्या आजाराने किंवा इजेने मृत्यूपर्यंतची साखळी सुरू झाली ते. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत भूकंप, वादळ, पूर यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. छप्पर अंगावर पडून माणूस गेला तर प्रश्न नाही. पण घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असलेला फुप्फुसाचा रुग्ण वीज गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात गेला तर? डॉक्टर फुप्फुसाचा आजार लिहिणार, आणि ते खोटं नाही. पण वीज गेली नसती तर तो माणूस त्या आठवड्यात गेला असता का, हा प्रश्न त्या कागदावर कुणी विचारतच नाही.

यावर उपाय म्हणून ‘प्रत्यक्ष’ आणि ‘अप्रत्यक्ष’ अशी विभागणी करतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये दाखला भरणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. वारा, पाणी, पडझड यांनी झालेला मृत्यू प्रत्यक्ष. आपत्तीमुळे निर्माण झालेल्या असुरक्षित परिस्थितीने झालेला मृत्यू अप्रत्यक्ष. कागदावर हे छान दिसतं. माझा आक्षेप असा आहे की ही विभागणी जणू मृत्यूचाच गुणधर्म असल्यासारखी वापरली जाते. खरं तर ती दाखला भरणाऱ्याच्या माहितीवर अवलंबून असते. घरात वीज नव्हती हे डॉक्टरला कळलं नाही, किंवा असं लिहायचं असतं हेच माहीत नसलं, तर ‘अप्रत्यक्ष’ हा रकाना रिकामाच राहतो. दाखला भरणाऱ्यांना या पद्धतीची पुरेशी जाण नव्हती, असं जॉर्ज वॉशिंग्टनच्या अहवालातही म्हटलं आहे.

म्हणून उरलेल्या दोन्ही अभ्यासांनी दाखल्यावरचं कारण बाजूला ठेवलं आणि ‘अतिरिक्त मृत्यू’ काढले. वादळ आलं नसतं तर या काळात किती मृत्यू झाले असते आणि प्रत्यक्षात किती झाले, यातला फरक. कल्पना सोपी आहे, पण ‘आलं नसतं तर’ या तीन शब्दांत सगळी मेख आहे.

जर्नलमधल्या अभ्यासाने ३,२९९ घरांचं सर्वेक्षण केलं. घराघरात जाऊन विचारल्यामुळे सरकारी कागदांवर अवलंबून राहावं लागलं नाही, ही मोठी जमेची बाजू. सुमारे एक तृतीयांश मृत्यू उपचार लांबल्याने किंवा खंडित झाल्याने झाले, असं लोकांनी सांगितलं. ही माहिती दाखल्यातून कधीच मिळाली नसती. पण ४,६४५ ची ९५ टक्के विश्वासमर्यादा बघा: ७९३ ते ८,४९८. बातम्यांत मधला आकडा गेला, मर्यादा गळाली. शिवाय एकटा राहणारा माणूस गेला की त्या घरात उत्तर द्यायला कुणीच उरत नाही. लेखकांनी हे ओळखून दुरुस्ती केली, तेव्हा अंदाज ५,७४० वर गेला. म्हणजे गाजलेला आकडा दुरुस्तीआधीचा होता. पेपरचा सारांश वाचून थांबणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या अहवालाने नोंदलेले मृत्यू घेतले आणि फेब्रुवारी २०१८ पर्यंतचा काळ धरला. जर्नलचा अभ्यास डिसेंबर २०१७ ला थांबतो, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. या अहवालातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे स्थलांतराचा हिशेब. त्या महिन्यांत बेटाची लोकसंख्या सुमारे ८ टक्क्यांनी घटली होती. माणसं कमी, तर अपेक्षित मृत्यूही कमी. हे धरलं नाही तर अतिरिक्त मृत्यू कमी दिसतात. गरीब नगरपालिकांत आणि वयस्क पुरुषांत धोका जास्त काळ टिकला, हेही त्यांनी दाखवलं.

मात्र त्या अहवालात एकेका मृत्यूचं कारण तपासलेलं नाही. पुढच्या वादळाआधी जनरेटर आधी कुठे द्यायचे, डायलिसिस केंद्रांना की घरी ऑक्सिजनवर असलेल्यांना? या प्रश्नाला २,९७५ हा आकडा उत्तर देत नाही. अतिरिक्त मृत्यू आपत्ती केवढी होती ते सांगतात, वर्गीकरण ती कुठून आत शिरली ते. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. वाद ‘खरा आकडा कुठला’ यावर रंगला आणि हा मुद्दा मागे पडला, ही माझी मुख्य तक्रार.

हे दूरच्या बेटाचं प्रकरण वाटत असेल तर आपल्याकडे या. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत १,३४४ अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अख्ख्या देशात उष्माघाताचे मृत्यू ७३०. वर्ष वेगळं, पद्धत वेगळी, म्हणून थेट तुलना करू नका. पण एका शहराचा एक महिना संपूर्ण देशाच्या एका वर्षाहून मोठा दिसतो, तेव्हा मोजण्याचा नियम तपासायलाच हवा.

याचा परिणाम नुसत्या तक्त्यापुरता राहत नाही. आपल्याकडे आपत्तीत गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला आपत्ती निधीतून ४ लाख रुपयांची मदत मिळते, पण मृत्यूच्या कारणाचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला असेल तरच. दुपारी शेतात कोसळलेल्या मजुराच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिलं गेलं, की त्या घरासाठी विषय तिथेच संपतो.

तेव्हा या क्षेत्रात काम करायचं ठरवलंत, तर डेटा उघडण्याआधी तो भरणाऱ्याचा फॉर्म मागून घ्या. कोणते रकाने आहेत, कोण भरतं, आणि वीज नसलेल्या गावात तो फॉर्म पोचतो कसा, हे बघा. मॉडेलची निवड त्यानंतर.