श्रिंक फिट: पाठ्यपुस्तक बसवायला शिकवते, काढायला नाही

मशीन डिझाइनच्या पाठ्यपुस्तकांत या धाटणीचे उदाहरण तुम्ही सोडवले असेल. १०० मिमी व्यासाच्या शाफ्टवर पोलादी रिंग बसवायची आहे. रिंगचे भोक शाफ्टपेक्षा ०.०६ मिमीने लहान आहे आणि सहज सरकण्यासाठी आणखी ०.०६ मिमी मोकळीक हवी. पोलाद दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढते; म्हणून रिंग १०० अंशांनी, म्हणजे ३० वरून १३० पर्यंत तापवायची. उत्तर बरोबर, गुण मिळाले, प्रकरण संपले.

माझा आक्षेप प्रकरण इथेच संपते यावर आहे. तीच रिंग झिजल्यावर काढायची असेल तर? कागदावर हे काम अधिक सोपे दिसते: मोकळीक नको, फक्त ०.०६ मिमीची पकड सुटायला हवी, त्याला ५० अंश पुरतात. पण हे ५० अंश म्हणजे रिंग आणि शाफ्ट यांच्या तापमानांतला फरक. बसवताना शाफ्ट वेगळा, थंड असतो, म्हणून हा भेद लक्षात येत नाही. काढताना दोघे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि उष्णता आत झिरपत राहते. दोघे सारखेच तापले, तर २०० अंशांवरही पकड जवळजवळ तशीच! बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून उतरवणाऱ्याला ही अडचण फारशी येत नाही, कारण आतले लाकूड उष्णता फार हळू घेते.

म्हणजे खरा प्रश्न वेळेचा आहे, आणि तो उदाहरणात विचारलेलाच नसतो. पोलादाची १० मिमी जाडी ओलांडायला उष्णतेला साधारण ८ सेकंद लागतात. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. गॅसच्या ज्योतीने पाच मिनिटे तापवत बसलात तर शाफ्टही तापतो, मग पुलरवर जोर लावला जातो आणि शाफ्टवर ओरखडे उठतात. इंडक्शन कॉइल रिंगच्याच धातूत एडी करंट निर्माण करते. पुरेशी शक्ती असेल तर हवा तो फरक काही सेकंदांत मिळतो, शाफ्ट तापायच्या आत.

दुर्दैवाने इंडक्शन हीटिंग तुम्ही वेगळ्या विषयात, बहुधा पृष्ठभाग कठीण करण्याच्या संदर्भात शिकता. तिथे उच्च वारंवारता हा गुण ठरतो. इथे तोच दोष होऊ शकतो. साध्या पोलादाची सापेक्ष पारगम्यता १०० धरली, तर ५० हर्ट्झला प्रवाह सुमारे ३ मिमी खोल जातो, १० किलोहर्ट्झला जेमतेम ०.२ मिमी. जाड रिंगची वरची कातडी लाल होईल आणि भोक वाढायला वेळच लागेल.

आणखी एक. रिंगऐवजी बेअरिंग असते, तर वरचे १३० हे उत्तर चुकीचे ठरले असते. सामान्य बेअरिंग १२० च्या पुढे सहसा तापवत नाहीत. शिवाय इंडक्शनने तापवल्यावर त्याचे चुंबकत्व घालवावे लागते, नाहीतर ते लोखंडाचा कीस ओढून घेते.

आता हे सोडवून पाहा: वरची रिंग २० मिमी जाड असेल, तर ती काढायला तुमच्या हाती किती सेकंद आहेत?