थर्मोस्टॅट : एक आस्वादक परीक्षण

एकदा माणसाच्या नावापुढे 'समीक्षक' हा शिक्का बसला, की लोक त्याला काय वाट्टेल ते वाचायला देतात. मी आजवर काव्यसंग्रह वाचले, कादंबऱ्या वाचल्या, एका स्नेह्यांच्या मुलीच्या लग्नातली मंगलाष्टके वृत्तात बसवून दिली आणि एका सोसायटीच्या पोटनियमांतले ऱ्हस्वदीर्घही सुधारले. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या चिटणिसांनी माझ्या हाती जो ग्रंथ ठेवला, तसला ग्रंथ या जन्मी परीक्षणार्थ येईल असे वाटले नव्हते.

"जरा नजर टाका आणि अभिप्राय द्या," ते म्हणाले. "कार्यकारिणीत इंग्रजी त्यातल्या त्यात तुमचंच बरं आहे."

ग्रंथ दोनशे पानांचा, विषय थर्मोस्टॅट. हा शब्द ज्यांना अपरिचित असेल त्यांच्यासाठी सांगतो : थर्मोस्टॅट म्हणजे भिंतीवरची एक डबी. खोली किती तापली आहे हे ती पाहते आणि वातानुकूलनाच्या यंत्राला 'चल' किंवा 'थांब' म्हणते. एका देणगीदारांच्या कृपेने वाचनालयाची नवी इमारत झाली आणि तीत अशा नऊ डब्या बसल्या. सभागृहात तीन, वाचनकक्ष, अभ्यासिका, बालविभाग, देवघेव, दुर्मिळ ग्रंथ आणि कार्यालय यांत एकेक. या नऊजणी एका तारेने एकमेकींना जोडलेल्या. ती तार एका नियंत्रकाला, आणि तो नियंत्रक संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडावे तसा उघडायचा. पान उघडले, की नऊच्या नऊ खोल्या डोळ्यांसमोर. चिटणीस घरी गंजिफ्राकात बसून सभागृह थंड करू शकतात.

परीक्षणाची सुरुवात गुणांपासून करावी, असा आमच्या धंद्यातला संकेत आहे. तेव्हा गुण सांगतो. प्रत्येक खोलीचे आठवड्याचे वेळापत्रक एकदा भरून ठेवले, की काम झाले. सुट्ट्यांची यादी दिली, की गणेश चतुर्थीला यंत्र आपण होऊन बंद. पूर्वी रविवारच्या व्याख्यानानंतर सभागृहातले यंत्र बंद करायचे राहून जाई आणि ते सोमवारी उघडकीला येई. आता तसे होत नाही. विजेचे बिल खरोखरच उतरले. आमच्या कार्यकारिणीत एकमताने मंजूर झालेली ती पहिलीच गोष्ट.

आता पात्रपरिचय. या नाटकात प्रत्येक डबीला एक क्रमांक द्यावा लागतो. त्याला 'पत्ता' म्हणतात. नियंत्रक तारेवरून क्रमांकाने हाक मारतो आणि ज्या डबीचा क्रमांक असेल तिने ओ द्यायची. बसवायला आलेल्या इंजिनियर मुलाने घाईघाईत दोघींना चार हाच क्रमांक दिला होता. परिणामी 'चार नंबर' अशी हाक गेली, की दोघी एकदम बोलायच्या, नियंत्रकाला त्यातले अक्षरही कळायचे नाही आणि पडद्यावर दोन्ही खोल्या बेपत्ता. माझ्या आत्याच्या घरी दोन बाळासाहेब होते, त्यामुळे मला ही अडचण लगेच कळली. मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही पूर्वी या लाइनीत होता का?"

पत्ते सुधारले, पण नावे देताना खरा रहस्यप्रधान अंक घडला. पडद्यावर नुसते 'झोन ५', 'झोन ६' दिसते. त्याला 'कार्यालय', 'बालविभाग' ही नावे माणसाने द्यायची. ती उलटसुलट पडली. चिटणिसांनी कार्यालयासाठी चोविसाचे बावीस केले आणि गारठला बालविभाग. बालविभागाच्या बाईंनी कुडकुडत देवघेवीच्या संगणकावरून आपल्या विभागाचे सत्तावीस केले आणि घाम फुटला चिटणिसांना. त्यांनी बाविसाचे वीस केले. बाईंनी शाल आणली आणि सत्ताविसाचे अठ्ठावीस केले. पाच दिवस ही दोन सज्जन माणसे एकमेकांना छळत होती आणि दोघांचाही समज एकच : यंत्र ऐकत नाही. वास्तविक यंत्र तंतोतंत ऐकत होते. मोठमोठ्या संसारांतही बहुधा असेच होत असावे. म्हणून पुढच्या ग्राहकांसाठी एक सूचना : नाव देण्याआधी एका माणसाला त्या खोलीत उभे करावे, पडद्यावरून आकडा बदलावा आणि तिथली डबी बदलली का हे त्याला ओरडून विचारावे. दोनशे पानांच्या ग्रंथात एवढे एक वाक्य मला सापडले नाही.

तिसरा दोष कालविपर्यासाचा. वेळापत्रक सकाळी नऊ ते रात्री आठचे भरले होते. प्रत्यक्षात यंत्र दुपारी अडीचला जागे व्हायचे आणि रात्री दीडला झोपायचे. नियंत्रकाचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर राहिले होते, आपल्या साडेपाच तास मागे. भर दुपारी वाचक घामाघूम आणि मध्यरात्री नुसती पुस्तके गार हवा खात बसलेली, असा आठवडा गेला.

असो. हे दोष छपाईतल्या चुकांसारखे; दुसऱ्या आवृत्तीत सुधारतात. माझा मूळ आक्षेप कृतीच्या आशयावर आहे.

या डबीचा जन्मच मुळी एका मास्तरांच्या वैतागातून झाला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्गात उष्णता किती आहे हे पाहायला तिथला शिपाई घडोघडी आत यायचा आणि मग तळघरातल्या भट्टीची झडप कमीजास्त करायचा. शिकवण्यात व्यत्यय. म्हणून जॉन्सननी अशी विजेची युक्ती काढली, की वर्गातल्या उष्णतेची वर्दी घंटीने तळघरात जावी. १८८३ साली तिचे पेटंट त्यांना मिळाले. शिपायाचे वर्गात येणे तेवढे थांबले.

आमच्या जुन्या इमारतीतही असा एक थर्मोस्टॅट होता. त्याला आम्ही मामा म्हणायचो. मामा दर अर्ध्या तासाने वाचनकक्षातून चक्कर मारायचे. कुणी टोपीने वारा घेताना दिसला, की पंखा दोनाचा तीनवर. कुणी उपरणे कानाभोवती घेतले, की खिडकीचे एक दार बंद. अप्पा नावाचे ऐंशीच्या पुढचे एक वाचक रोज दहाला येत. ते पेपरातून मान वर न करता नुसते "मामा" म्हणायचे आणि पंखा कमी व्हायचा.

डेन्मार्कचे पी. ओ. फँगर यांनी १९७० साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांच्या मते माणसाला बरे वाटणे सहा गोष्टींवर ठरते : हवेचे तापमान, भिंतींची धग, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. आमच्या भिंतीवरची डबी त्यातली एकच मोजते. कपड्यांच्या उबेलाही या शास्त्रात 'क्लो' नावाचे माप आहे. कोट-पाटलोणीचा साहेबी पोशाख म्हणजे साधारण एक क्लो. धोतर-सदऱ्याचा हिशेब मामा नजरेने करायचे. फँगर यांच्या गणिताचा आणखी एक निष्कर्ष मला फार आवडला : हवा कितीही नेमकी राखली, तरी शंभरातली पाच माणसे कुरकुरणारच. हे पाचहीजण आमच्या कार्यकारिणीवर आहेत, हे त्यांना कसे कळले कोण जाणे.

तर, नवी इमारत झाली आणि सर्वत्र चोवीस अंश ठरले. भारतात १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती ए.सी. सुरू करताना चोवीसवर असावेत असा नियम आहे. तोच आकडा मुलाने इथेही टाकला. कुणी खेळू नये म्हणून डब्यांना पडद्यावरून कुलूप घातले. वाचनकक्षातल्या अप्पांची खुर्ची नेमकी हवेच्या झोताखाली. त्यांनी उठून डबीचे बटण दाबले. डबीवर कुलपाचे चित्र उमटले. पुन्हा दाबले. पुन्हा कुलूप. मग ते यायचेच बंद झाले.

पंधरा दिवसांनी मी घरी गेलो. म्हटले, "अप्पा, तब्येत?"

"तब्येतीला काय झालंय? थंडी वाजते तिथं."

"मग सांगायचं नाही का?"

"कुणाला?" अप्पा म्हणाले. "मामांना सांगितलं, तर ते म्हणतात, माझ्या हातात नाही. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणतात, चिटणिसांकडे पासवर्ड. आणि चिटणीस पुण्यात नव्हते. अरे, पंखा कमी करायला मी काय अर्ज देऊ?"

माझे सगळे परीक्षण या एका "कुणाला?"मध्ये आले. पूर्वी ज्याला थंडी वाजे त्याच्यापासून बटण चार पावलांवर होते. आता ज्याला थंडी वाजते तो एका खोलीत, ज्याच्याकडे बटण आहे तो दुसऱ्या गावात, आणि मधल्या तारेवरून आकडे जातात, कुरकुर जात नाही. पडद्यावर वाचनकक्ष चोवीस अंशांवर हिरवागार दिसत होता. 'ऑक्युपाइड' म्हणजे 'माणसे आहेत' असेही त्यावर लिहिले होते. त्याचा अर्थ नऊ वाजून गेले आहेत एवढाच असतो. अप्पांची खुर्ची रिकामी आहे हे त्या पानाला ठाऊक नव्हते.

ग्रंथकर्त्यावर अन्याय नको म्हणून सांगतो, उपाय त्याच ग्रंथात होता. एकशे साठाव्या पानाच्या पुढे कुठेतरी, बारीक टाइपात. कुलूप पूर्ण न घालता डबीवरून दोन अंश वर किंवा खाली करण्याची मुभा ठेवता येते. दोन तासांनी आकडा आपोआप मूळ जागी येतो. बिलही फारसे बिघडत नाही आणि माणसाचाही मान राहतो. ही मुभा पहिल्या पानावर हवी होती. मी चिटणिसांना माझा अभिप्राय एका ओळीत दिला : दुर्मिळ ग्रंथांचे कुलूप राहू द्या, माणसांचे काढा. शिवाय मामांना पासवर्ड द्या. चिटणीस पासवर्डावर जरा अडले, पण मामांच्या हाती गेली तीस वर्षे इमारतीच्या किल्ल्या आहेत याची आठवण दिल्यावर विरघळले.

अप्पा आता परत येऊ लागले आहेत. सवयीने ते अजून "मामा" म्हणतात, मग त्यांचे त्यांनाच आठवते आणि उठून दोनदा बटण दाबतात. मी घरच्या संगणकावर ते पान उघडून बसतो. रोज दहा-सव्वादहाच्या सुमारास वाचनकक्षाच्या चोविसाचे सव्वीस होतात. एवढा एक आकडा मला त्या साऱ्या कृतीत जिवंत वाटतो. गेल्या मंगळवारी साडेदहा झाले तरी चोवीसच होते, तेव्हा मी फोन उचलला.

"काही नाही रे," अप्पा म्हणाले. "आज स्वेटर घालून आलोय."