आज्ञापत्रातील दर्या आणि दुर्गवर्णनांतून हरवलेली होडी

मराठीतील जलदुर्गांची वर्णने वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. लेखक धक्क्यावर येतो, होडीत बसतो आणि पुढच्याच वाक्यात महादरवाजात उभा असतो. मग तटाची लांबी, बुरूज, गोड्या पाण्याच्या विहिरी, तोफा. धक्का आणि दरवाजा यांच्यामधले पाणी कोरेच राहते. वारा कुठला होता, भरती होती की ओहोटी, तांडेलाने होडी सरळ न नेता वळवून का नेली, हे क्वचितच कोणी विचारतो. डोंगरी किल्ल्याच्या वर्णनात घाटवाट, घसारा, कातळातल्या पायऱ्या सगळे येते. मग बेटाच्या वाटेवरच हा अबोला का?

आपल्या भाषेत हा अबोला पूर्वीपासून आहे, असेही म्हणता येत नाही. १७१५ च्या सुमारास करवीरच्या संभाजीराजांसाठी रचलेल्या आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा राजधानी पन्हाळ्यावर, अमात्यांची जहागीर बावड्याला. दोन्ही ठिकाणे सह्याद्रीच्या माथ्यावरची. तरीही या प्रकरणातला लेखक किनाऱ्यावर उभा राहून समुद्राकडे पाहत नाही. तो गलबताच्या गरजेतून विचार करतो.

गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, आणि वाऱ्यावाचून जे जहाज निरुपयोगी ठरते ते बांधण्याचे कारण नाही, असा तिथला सल्ला आहे. वरवर पाहता हा काटकसरीचा विचार वाटतो. पण तो कोकणपट्टीच्या पाण्याचा विचार आहे. इथे बेटे किनाऱ्यापासून फार दूर नाहीत, मध्ये खडक आहेत, खाड्यांची मुखे उथळ आहेत आणि वारा पडला की शिडाचे मोठे जहाज जागच्या जागी खिळते. वल्ह्यांवर चालणारी, तळ कमी बुडणारी होडीच इथे बेटाला किनाऱ्याशी बांधून ठेवते.

याचा पडताळा खांदेरीच्या प्रसंगात मिळतो. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या माणसांनी या बेटावर तट उभारायला घेतला. मुंबईकर इंग्रजांनी रसद तोडण्यासाठी जहाजे पाठवली. त्यांत केग्विनचे ‘रिव्हेंज’ होते. १८ ऑक्टोबरच्या झुंजीत ‘रिव्हेंज’ने मराठी गलबतांना मागे रेटले, मात्र इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. त्या दिवसाच्या हारजितीवर आपण पुष्कळ लिहितो. पण खांदेरीचा निकाल लागला तो रात्रीच्या फेऱ्यांनी. किनाऱ्यावरून निघालेल्या लहान होड्या अंधारात पाहरा चुकवून बेटावर पोहोचत राहिल्या आणि मोठ्या जहाजांना उथळ पाण्यात त्यांचा पाठलाग जमला नाही. बेट मराठ्यांकडेच राहिले. आज्ञापत्रातले ते मध्यम आकाराचे सूत्र खांदेरीसमोर ठेवून वाचले, की त्यामागचा अनुभव दिसू लागतो.

आज्ञापत्राचे आणखी एक वाक्य सर्वत्र उद्धृत होते, ते झाडांविषयीचे. आंबा-फणस रयतेने लेकरासारखे वाढवलेले असतात, त्यांना हात लावू नये. झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. हा मजकूर आज पर्यावरणाचा आदेश म्हणून, पुष्कळदा थेट शिवाजी महाराजांच्या नावाने फिरतो. तो आरमाराच्या प्रकरणातला आहे, हे मात्र गळून जाते. ते गळले की वाक्य गोड होते आणि त्याची धार जाते. जहाजाला लाकूड लागणारच होते. राज्याची गरज खरी होती, आणि तरीही तिला कुंपण घातले होते. हा ताण काढून घेतलेला उतारा म्हणजे निव्वळ सुभाषित.

या प्रकरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो राज्यकर्त्याचा आवाज आहे. दर्या खवळण्याच्या काही दिवस आधी आरमार छावणीला न्यावे, हे तो बजावतो. पण ढगांवरून, पाण्याच्या रंगावरून तो दिवस ओळखणारा माणूस कोण, हे सांगत नाही. कोळी, भंडारी, गाबीत यांचे ज्ञान तिथे नियम होऊन आले आहे, माणूस होऊन नाही. ती उणीव भरून काढण्याचे काम पुढच्या लेखकांचे होते. आपण तर नियमही विसरलो.

कोल्हापूरकरांना याची झळ अधिक लागायला हवी. सिंधुदुर्ग करवीरच्या गादीकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिले, नंतर परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे गेले. राज्याचा समुद्र तुटला आणि माझ्या मते आपल्या लेखणीतूनही तेव्हापासूनच समुद्र ओसरला. आता मालवण हे सुटीतले ठिकाण आहे. बावड्याच्या घाटाने उतरणाऱ्या गाड्यांतल्या किती जणांना ठाऊक असते, की आरमाराचे प्रकरण याच बावडेकरांच्या नावावर आहे?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत पन्हाळा, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी एकत्र आले. आता माहितीपुस्तिका निघतील, पुन्हा तट आणि बुरूज मोजले जातील. ते जरूर मोजावेत. पण सिंधुदुर्गाला पावसाळ्यात होडी का बंद असते, मालवणच्या पाण्यातले खडक चुकवण्याची वाट कोणती, खांदेरीकडे कुठल्या भरतीला निघावे, हे सांगणारी माणसे आज किनाऱ्यावर आहेत. तट आणखी काही शतके उभा राहील. या माणसांचे सांगणे लिहून घेतले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच संपेल.