पडद्यावरची जावळी

वर्गातल्या डिजिटल फळ्यावर गूगल अर्थ उघडून प्रतापगड दाखवला की मुलं खूश होतात. बोटानं डोंगर फिरतो, दरीची खोली कळते. पुस्तकातल्या सपाट नकाशाला हे जमत नव्हतं, मान्य. पण जरा दक्षिणेला सरका. कोयनेच्या खोऱ्यात लांबच लांब पाणी दिसतं. तो शिवसागर, १९६०च्या दशकात पूर्ण झालेल्या कोयना धरणाचा जलाशय. १६५९ मध्ये अफझलखान जावळीत उतरला तेव्हा तिथं नदी होती, जलाशय नव्हता. पडदा हे आपणहून सांगत नाही. तो आजची जमीन दाखवतो. म्हणून शिक्षकानं विचारायला हवं, “यातलं तेव्हा काय नव्हतं?” हा प्रश्न निघाला, तर तो इतिहासाचा आणि भूगोलाचाही तास. नाहीतर नुसती सहल.